लहान मुलांच्या वापरलेल्या वस्तूंची पुनर्विक्री

मुलाला लहान झालेले कपडे, पादत्राणे, पांघरुणे, खेळणी, तसेच पाळणा, बाबागाडी, उंच खुर्ची, मोटारीतील बाल-आसन (कार सीट) यांसारखे साहित्य मोबदला घेऊन दुसऱ्या कुटुंबाला देण्याच्या व्यवहारास लहान मुलांच्या वापरलेल्या वस्तूंची पुनर्विक्री असे म्हणतात. हा व्यवहार दोन कुटुंबांमध्ये थेट होतो किंवा दुकान, भरणारा बाजार, संस्था अथवा आंतरजालावरील संकेतस्थळ यांच्या मध्यस्थीने होतो. वस्तू झिजण्यापूर्वीच मूल तिच्यापेक्षा मोठे होते, हे या बाजाराचे मूळ कारण होय. इतर जुन्या वस्तूंच्या तुलनेत या व्यवहारात सुरक्षिततेचा प्रश्न अधिक गंभीर ठरतो, कारण वस्तू वापरणारे बाळ स्वतःचा धोका ओळखू शकत नाही आणि काही दोष नुसत्या पाहण्याने लक्षात येत नाहीत.

पार्श्वभूमी

जन्मानंतरचे पहिले वर्ष हा मानवी आयुष्यातील सर्वांत वेगवान वाढीचा काळ असतो. पूर्ण दिवसांच्या बाळाची लांबी जन्मतः साधारण ५० सेंटीमीटर असते आणि वर्षाअखेर ती सुमारे ७५ सेंटीमीटरपर्यंत पोहोचते. वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या वेळेच्या दुप्पट आणि वर्षभरात साधारण तिप्पट होते.

युरोपात बाळाच्या कपड्यांची मापे त्याच्या लांबीवरून ठरतात. ५०, ५६, ६२, ६८, ७४, ८० अशी ही मापे ६ सेंटीमीटरच्या अंतराने वाढत जातात. म्हणजे सरासरी वाढीच्या बाळाला एका वर्षात चार ते पाच मापांचे कपडे लागतात आणि एक माप जेमतेम दोन-तीन महिने उपयोगी पडते. नवजात बाळासाठी घेतलेले किंवा आहेरात आलेले काही कपडे एकदाही न घालता लहान होतात.

साहित्याचे आयुष्य आणि त्याचा उपयोगकाळ यांतही असाच फरक असतो. बाळ उठून बसण्याचा किंवा हातांवर जोर देऊन वर होण्याचा प्रयत्न करू लागले की लहान पाळणा वापरणे बंद करावे लागते. अर्भकासाठीचे मोटारीतील आसन बहुधा वर्ष-दीड वर्ष पुरते. मात्र लाकूड, धातू किंवा घट्ट प्लॅस्टिकची ही साधने त्यानंतरही अनेक वर्षे टिकणारी असतात. त्यामुळे ती विकून खर्चाचा काही भाग परत मिळवणे विक्रेत्यास सोयीचे असते, तर खरेदीदारास तीच वस्तू कमी किमतीत मिळते.

महाराष्ट्रातील परंपरा

मराठी समाजात मुलांच्या वापरलेल्या वस्तूंचे हस्तांतरण जुने आहे. परंतु ते प्रामुख्याने विक्रीऐवजी देण्या-घेण्याच्या स्वरूपात होत आले. झबली, टोपरी, कुंची, दुपटी आणि लंगोट एका भावंडाकडून दुसऱ्याकडे, नंतर चुलत-मावस भावंडांकडे जात. पाळणा तर अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाई आणि आप्तांमध्ये बारशापुरता मागूनही नेला जाई. नवजात बाळासाठी जुन्या सुती लुगड्याची किंवा धोतराची दुपटी व लंगोट शिवण्याची पद्धत होती. अनेकदा धुतलेले कापड मऊ होते आणि बाळाच्या त्वचेला बोचत नाही, हे त्यामागील व्यावहारिक कारण होय. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या याच परंपरेचा भाग आहेत.

या देवाणघेवाणीला श्रद्धांचीही जोड होती. ज्या घरात मुले जगत नसत, तेथे नव्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून दुसऱ्यांकडून मागून आणलेले कपडे घालण्याची समजूत भारताच्या अनेक भागांत आढळते. मुलाचे नाव दगडू किंवा धोंडू ठेवण्यामागेही हीच भावना होती. उलटपक्षी, बाळाचा कपडा परक्याच्या हाती पडल्यास त्यावरून करणी होऊ शकते अशा भीतीने तो घराबाहेर न देणारी कुटुंबेही होती. बाळाच्या कपड्यांचे पैसे घेण्याविषयीचा संकोच काही प्रमाणात अशा समजुतींशी आणि काही प्रमाणात ‘नात्यात हिशेब नको’ या संकेताशी जोडलेला आहे.

घराबाहेर जाणाऱ्या कपड्यांचा परंपरागत मार्ग म्हणजे बोहारीण. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या या स्त्रिया दारोदार फिरत. शहरांतील या व्यवसायात मूळच्या गुजरातेतील वाघरी समाजाचा मोठा सहभाग राहिला आहे. मिळालेले कपडे निवडून, धुऊन आणि दुरुस्त करून पुन्हा विकले जातात. दिल्लीतील रघुवीर नगर येथील बाजार या व्यापाराचे एक मोठे केंद्र आहे. मानवशास्त्रज्ञ लूसी नॉरिस यांनी २०१० साली प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात भारतातील वापरलेल्या कपड्यांच्या या प्रवासाचा अभ्यास मांडला आहे. लहान मुलांचे जुने कपडे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपर्यंत पोहोचण्यात या साखळीचा वाटा आहे. मात्र त्यात कपडा देणाऱ्या आणि अखेरीस तो घालणाऱ्या कुटुंबाची कधीच गाठ पडत नाही.

विक्रीचे प्रकार

थेट विक्री: शेजारी, नातेवाईक, गृहनिर्माण संस्थेतील रहिवासी किंवा सहकारी यांच्यात होणारा व्यवहार. यात वस्तूचा पूर्वेतिहास विचारता येतो, हा त्याचा मुख्य फायदा होय.

हप्त्याचे व हंगामी बाजार: जर्मनीत बालवाड्या, शाळा आणि चर्चची सभागृहे येथे वर्षातून साधारण दोनदा मुलांच्या कपड्यांचे बाजार भरतात. विक्रेत्याला क्रमांक दिला जातो, वस्तू मापानुसार मांडल्या जातात आणि विक्रीतील ठरावीक टक्के रक्कम त्या बालवाडीला मिळते. अनेक ठिकाणी गरोदर स्त्रियांना इतरांच्या आधी प्रवेश देण्याची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये १९५६ साली स्थापन झालेली नॅशनल चाइल्डबर्थ ट्रस्ट ही संस्था आपल्या स्थानिक शाखांमार्फत अशा विक्रीचे आयोजन करते. नेदरलँड्समध्ये राजदिनी, २७ एप्रिल रोजी, भरणाऱ्या मुक्त बाजारात मुले स्वतःच आपली जुनी खेळणी रस्त्यावर मांडून विकतात.

दुकाने: काही दुकाने वस्तू रोखीने विकत घेतात, तर काही ती मांडणीवर ठेवून विकली गेल्यावर मूळ मालकास हिस्सा देतात. अमेरिकेत १९८५ साली ओहायो राज्यात सुरू झालेली ‘वन्स अपॉन अ चाइल्ड’ ही साखळी पहिल्या प्रकारची आहे. १९९७ साली ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे सुरू झालेला ‘जस्ट बिटवीन फ्रेंड्स’ हा उपक्रम दुसऱ्या प्रकारची तात्पुरती प्रदर्शने भरवतो.

आंतरजालावरील विक्री: १९९५ साली सुरू झालेल्या ईबेनंतर हा व्यवहार गावाच्या सीमेबाहेर गेला. लिथुएनियात २००८ साली स्थापन झालेल्या विंटेड या मंचावर मुलांचे कपडे हा एक महत्त्वाचा विभाग आहे. भारतात ओएलएक्स आणि क्विकर यांसारख्या वर्गीकृत जाहिरातींच्या संकेतस्थळांनी घरगुती वापरलेल्या वस्तूंच्या विक्रीला चालना दिली. त्यानंतर फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरील पालकांचे गट, तसेच गृहसंकुलांचे गट यांतून ही विक्री मोठ्या प्रमाणावर होऊ लागली.

किंमत आणि अर्थकारण

वापरलेल्या वस्तूची किंमत तिची स्थिती, ब्रँड, मूळ किंमत, हंगाम आणि वाहतुकीची सोय यांवर अवलंबून असते. नवजात बाळाचे कपडे फारसे वापरले गेलेले नसल्याने मुबलक आणि चांगल्या स्थितीत उपलब्ध असतात. त्यामुळे त्यांना भाव कमी मिळतो. मूल चालू लागल्यानंतरच्या कपड्यांचे गुडघे व कोपरे झिजतात, डाग पडतात आणि विकण्याजोगे कपडे कमी उरतात. म्हणून सुटे कपडे विकण्याऐवजी एका मापाचे दहा-वीस कपडे एकत्र बांधून विकण्याची पद्धत रूढ आहे. बाबागाडी किंवा पाळणा यांसारख्या मोठ्या वस्तूंना तुलनेने चांगला मोबदला मिळतो. परंतु त्या पाठवणे खर्चिक असल्याने त्यांचा बाजार बहुधा एका शहरापुरता मर्यादित राहतो.

कपडे निवडणे, धुणे, डाग काढणे, छायाचित्रे घेणे, चौकशांना उत्तरे देणे आणि वस्तू पोहोचवणे या कामांना वेळ लागतो. हे काम बहुतांशी घरातील स्त्रियाच करतात आणि ठरणाऱ्या किमतीत या श्रमांचा हिशेब सहसा धरला जात नाही. दुसरीकडे, वस्तू पुढे विकता येईल या खात्रीमुळे काही पालक अधिक महाग किंवा अधिक संख्येने वस्तू घेतात. अशा वेळी पुनर्विक्रीमुळे एकूण खरेदी कमी होण्याऐवजी वाढण्याचा संभव असतो.

सुरक्षितता

बहुतेक धुण्याजोग्या वस्तू पुन्हा वापरण्यास सुरक्षित असतात. मात्र काही वस्तूंच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी लागते.

पाळणे: एक बाजू वर-खाली सरकणारे पाळणे अनेक दशके प्रचारात होते. त्यांची कडी सैल झाल्यास निर्माण होणाऱ्या फटीत बाळ अडकून गुदमरते. अमेरिकेत २००० सालापासून अशा पाळण्यांमुळे किमान ३२ बालकांचा मृत्यू झाल्याचे तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने नमूद केले. २८ जून २०११ पासून तेथे असे पाळणे तयार करणेच नव्हे, तर जुने विकणे आणि दान देणेही बेकायदेशीर ठरले. कोणत्याही जुन्या पाळण्याच्या दोन गजांमधील अंतर सुमारे ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावे, जेणेकरून बाळाचे शरीर त्यातून घसरणार नाही.

तिरकी झोपण्याची साधने: फिशर-प्राइस कंपनीने ‘रॉक ’न प्ले’ हे तिरके शयनसाधन एप्रिल २०१९ मध्ये परत मागवले. सुमारे ४७ लाख नग या आदेशाच्या कक्षेत होते. जानेवारी २०२३ मध्ये आयोगाने हा इशारा पुन्हा दिला. तोवर या साधनाशी संबंधित सुमारे १०० मृत्यूंची नोंद झाली होती आणि त्यांपैकी किमान ८ मृत्यू परत मागवण्याच्या घोषणेनंतरचे होते. दुकानातून काढून घेतलेली वस्तू घरोघरी आणि जुन्या बाजारात शिल्लक राहते, हे या प्रकरणातून स्पष्ट होते. २०२२ च्या कायद्याने अमेरिकेत झोपण्याचा पृष्ठभाग १० अंशांहून अधिक तिरका असलेल्या साधनांवर आणि पाळण्याभोवती लावायच्या गाद्यांवर बंदी आली.

गाद्या: स्कॉटलंडमधील एका अभ्यासात वापरलेली गादी, विशेषतः दुसऱ्या घरातून आणलेली, आणि अर्भकाचा आकस्मिक मृत्यू यांचा संबंध आढळला. हा अभ्यास २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून कार्यकारणभाव सिद्ध झालेला नसला, तरी जुनी गादी घ्यायची झाल्यास ती घट्ट, सपाट, न फाटलेली आणि पाळण्यात नेमकी बसणारी असावी.

मोटारीतील बाल-आसन: एकदा अपघातात सापडलेल्या आसनाच्या सांगाड्याला न दिसणारे तडे गेलेले असू शकतात. अनेक उत्पादक आसनावर निर्मितीपासून साधारण ६ ते १० वर्षांची वापरमर्यादा छापतात. म्हणून पूर्वेतिहास ठाऊक नसलेले किंवा मूळ लेबल, पट्टे व पुस्तिका नसलेले आसन घेऊ नये, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. लहान मुलांच्या शिरस्त्राणालाही हेच तत्त्व लागू पडते.

चालण्याची गाडी: बाळ आत बसून ढकलते अशा चाकांच्या गाड्यांवर (बेबी वॉकर) कॅनडाने २००४ साली बंदी घातली आणि तीत वापरलेल्या गाड्यांच्या विक्रीचाही समावेश केला. जिन्यावरून गडगडून डोक्याला होणाऱ्या इजा हे तिचे प्रमुख कारण होते. महाराष्ट्रातील पारंपरिक लाकडी पांगुळगाडा याहून वेगळा आहे, कारण मूल त्याच्या मागे उभे राहून तो ढकलते.

रंग व खेळणी: भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यापूर्वी रंगवलेल्या पाळण्यांत आणि खेळण्यांत शिसे असू शकते, आणि बाळ दात येताना कठडे चावते. खेळण्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. त्यामुळे त्याआधीच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह नसण्याची शक्यता असते. सुमारे ३.२ सेंटीमीटर व्यासाच्या नळीत मावणारे सुटे भाग तीन वर्षांखालील मुलांच्या घशात अडकू शकतात.

कपडे: टोपीला किंवा गळ्याला असलेल्या नाड्या घसरगुंडीत अथवा पाळण्यात अडकून फास बसण्याचा धोका असतो. सैल झालेली बटणे आणि टिकल्याही काढून टाकाव्यात. भारतात विशेष लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे डांबरगोळ्या. त्यांतील नॅप्थलीन हे रसायन कपड्यांतून श्वासावाटे किंवा त्वचेतून बाळाच्या शरीरात गेल्यास तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र रक्तक्षय आणि कावीळ होऊ शकते. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या नवजात बालकांत हा धोका अधिक असतो आणि ही कमतरता बहुधा आधी ठाऊक नसते. म्हणून बाळाचे कपडे डांबरगोळ्यांत साठवू नयेत. तसे साठवलेले कपडे नुसते वाऱ्यावर टाकून नवजात बाळाला घालू नयेत.

आरोग्याशी थेट संबंधित वस्तू: दुधाच्या बाटल्यांची बुचे, चोखण्या आणि एका स्त्रीच्या वापरासाठी बनवलेले स्तनदुग्ध-पंप पुनर्विक्रीस योग्य मानले जात नाहीत. अशा पंपाच्या आतील भागात दुधाचे कण जाऊ शकतात आणि ते पूर्णपणे निर्जंतुक करता येत नाहीत.

कायदेशीर बाबी

अमेरिकेत परत मागवलेली उत्पादने विकण्यास २००८ च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा सुधारणा कायद्याने मनाई केली आहे आणि ती जुन्या वस्तूंच्या विक्रेत्यांनाही लागू आहे. युरोपीय संघाचा सामान्य उत्पादन सुरक्षा नियम १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला असून व्यावसायिकांनी विकलेल्या वापरलेल्या वस्तूही त्याच्या कक्षेत येतात. फ्रान्समध्ये व्यापारी नसलेल्या व्यक्तीला अशा सार्वजनिक बाजारांत वर्षातून दोनदाच स्वतःच्या वापरलेल्या वस्तू विकता येतात.

भारतात ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० हे नियमित किंवा व्यावसायिक स्वरूपाचा व्यवहार नसलेल्या व्यक्तीच्या वैयक्तिक विक्रीला लागू होत नाहीत. त्यामुळे एका पालकाने दुसऱ्याला वस्तू विकल्यास दुकानातील खरेदीइतके संरक्षण खरेदीदाराला मिळत नाही आणि तपासणीची जबाबदारी मुख्यतः त्याच्यावरच येते. दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीस १९९२ च्या अर्भक दुग्धपर्याय, दुधाच्या बाटल्या व अर्भक आहार अधिनियमाने बंदी आहे. वापरलेल्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकास, आगत कराचे श्रेय घेतलेले नसल्यास, वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार केवळ खरेदी आणि विक्री किमतीतील फरकावर कर भरण्याची सोय आहे.

वर्गीकृत जाहिरातींच्या व्यवहारांत ग्राहक असल्याचे भासवून विक्रेत्याला क्यूआर कोड पाठवण्याचा आणि ‘पैसे मिळण्यासाठी’ तो तपासून यूपीआय पिन टाकण्यास सांगण्याचा फसवणुकीचा प्रकार आढळतो. पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकल्यास विक्रेत्याच्याच खात्यातून रक्कम जाते.

पर्यावरणीय परिणाम

बाळाच्या कपड्यांत सुती कापडाचे प्रमाण मोठे असते. कापसाचे पीक, कताई, विणाई व रंगाई मिळून एक किलो तयार सुती कापडासाठी जागतिक सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी लागते. तोच कपडा दोन किंवा तीन मुलांनी वापरल्यास प्रत्येक मुलामागील हा भार कमी होतो. हा लाभ मात्र जुन्या कपड्यामुळे एखादा नवा कपडा घेणे खरोखर टळले तरच होतो. बाबागाड्यांसारख्या साधनांत धातू, कापड आणि प्लॅस्टिक एकत्र जोडलेले असल्याने त्यांचे भाग वेगळे करून पुनर्चक्रीकरण करणे कठीण जाते. त्यामुळे अशा वस्तूंच्या बाबतीत दुरुस्ती आणि पुनर्वापर अधिक उपयुक्त ठरतात.

पर्यायी मार्ग

पुनर्विक्रीखेरीज नात्यात देणे, दान करणे, भाड्याने घेणे आणि खेळण्यांची ग्रंथालये हे मार्ग उपलब्ध आहेत. भारतात अंशु गुप्ता यांनी १९९९ साली स्थापन केलेली गूंज ही संस्था शहरांतील वापरलेले कपडे व साहित्य ग्रामीण भागात पोहोचवते. तेथे ते भीक म्हणून न देता लोकांनी स्वतःच्या गावासाठी केलेल्या कामाचा मोबदला म्हणून देण्यावर तिचा भर आहे. गुप्ता यांना २०१५ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. फिनलंडमध्ये १९३८ पासून कमी उत्पन्नाच्या आणि १९४९ पासून सर्व मातांना सरकारतर्फे बाळाच्या कपड्यांची पेटी दिली जाते. पेटीऐवजी रोख रक्कम घेण्याचीही मुभा असते. आधीच्या मुलाच्या वस्तू घरात असलेली काही कुटुंबे हा पर्याय निवडतात.

सुरक्षिततेच्या कारणास्तव विकण्यास अयोग्य असलेली वस्तू दान देण्यासही अयोग्यच असते. मोडका पाळणा किंवा अपघातग्रस्त आसन टाकून देताना त्याचे पट्टे कापून अथवा भाग वेगळे करून ते पुन्हा वापरात येणार नाही अशी खबरदारी घेण्याची शिफारस केली जाते.

हे सुद्धा पहा

बारसे
पाळणा
गोधडी
पुनर्वापर
ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
भारतीय मानक ब्यूरो